शेतात बंदूक आणण्याआधी विचारा



गेल्या संक्रांतीला छर्‍याची बंदूक घेऊन एक पाव्हणे आमच्या ज्वारीत शिरले. त्यांनी कुणाला विचारले नव्हते. ज्वारी हुरड्यात होती, म्हणून माझे आबा गोफण घेऊन माळ्यावर बसले होते. ते पाव्हण्यांना दिसलेच नाहीत. एक छर्रा माळ्याच्या बांबूला टाक्‌कन लागला. आबा लई ओरडले. पाव्हणे म्हणाले, "तुमची पाखरं मारून मी उपकारच करतोय की!"

माझे मत असे आहे की, उपकार करायचा तरी आधी बांधावर थांबून विचारावे. कोण गवत कापतंय, शेरडं कुठं बांधलीत, हे मालकालाच ठाऊक असते.

आणि मालक हो म्हणाला तरी मोर, पोपट मारता येत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. साळुंक्या आणि बगळे तर नांगरामागे फिरून हुमणी वेचतात. घुबड रात्री उंदीर धरते. बंदूकवाले पाव्हणे काही रात्री येत नाहीत!

पोपट कणसे खातात हे खरे आहे. मलासुद्धा त्यांचा राग येतो. पण गोफणीच्या नुसत्या आवाजाने ते उडतात. गोफणीचा दगडही माणसाला लागू शकतो, पण आबा आधी मोठ्याने आरोळी देतात.

चार दिवसांनी तेच पाव्हणे पुन्हा आले आणि बांधावरूनच "येऊ का?" म्हणाले. आबांनी बंदूक झाडाला टेकवून ठेवायला लावली आणि त्यांना हुरडा खायला बसवले.

– इयत्ता चौथी