पिस्त्याला हवी बोचरी थंडी

सुक्या मेव्याच्या डब्यात पिस्ता नेहमीच भाव खातो. आंबा आणि काजूच्या कुळातले हे झाड. पण त्याला कोकणची दमट हवा मानवत नाही. कडक, कोरडा उन्हाळा आणि बोचरा हिवाळा त्याला लागतो. म्हणूनच इराण, तुर्कस्तान आणि अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथे त्याच्या मोठ्या बागा आहेत.

पिस्त्याची नर आणि मादी झाडे वेगळी असतात. पराग वाऱ्यावर वाहून जातात, त्यामुळे दोन्ही झाडे एकाच सुमारास फुलावी लागतात. हिवाळा उबदार गेला, की हे गणित चुकते आणि कवचे पोकळ राहतात. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात दुष्काळाच्या जोडीला असाच हिवाळा आला आणि पीक जवळपास निम्म्यावर घसरले.

हे नुकसान केवळ बागायतदारांचे नाही. २८ ग्रॅम, म्हणजे सुमारे ४९ पिस्त्यांतून १६० कॅलरी, ६ ग्रॅम प्रथिने आणि ३ ग्रॅम तंतू मिळतात. शिवाय जीवनसत्त्व ब-६ आणि डोळ्यांना उपयुक्त ल्युटिनही असते. यातील बहुतांश स्निग्धांश हृदयाला हितकारक आहेत. रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र खारा पिस्ता टाळावा. काजूची ॲलर्जी असल्यास पिस्ताही खाऊ नये. बुरशी लागलेला किंवा खवट दाणा टाकून द्यावा.

कमी थंडीत फळणाऱ्या जातींवर संशोधन सुरू आहे. पण केवळ त्यावर विसंबून चालणार नाही. तापमानवाढ रोखली नाही, तर मूठभर पिस्तेही सामान्यांच्या आवाक्याबाहेर जातील.