सासरी गेलेल्या लेकीचा आजारही मोजा

संडासवाटे रक्त पडले की आपल्या वस्तीत एकच शब्द निघतो : मूळव्याध. बहुतेक वेळा ती असतेही. पण सातारा-सांगलीच्या वस्त्यांत फिरताना आम्ही अशी घरे पाहिली, जिथे वर्षभर मूळव्याधीचे औषध चालले आणि शेवटी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. तासगाव तालुक्यातल्या अशा एका घरी आम्ही विचारले, "याआधी घरात कॅन्सर कुणाला?" "कुणालाच नाही." चहा होईपर्यंत म्हातारीला नणंद आठवली. चाळिशीतच पिशवीच्या कॅन्सरने गेलेली. "पण ती दिलेली लेक. ती त्या घरची."

लेक सासरी गेली म्हणून तिचे रक्त बदलत नाही.

पेशी वाढताना तिच्यातल्या जनुकांची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. त्या दुरुस्त करणारी जनुकेही शरीरात असतात. काही घराण्यांत दुरुस्तीच्या जनुकातच जन्मतः बिघाड असतो. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. त्यामुळे कमी वयात मोठ्या आतड्याचा, आणि बायकांत गर्भपिशवीचाही, कॅन्सर होण्याचा धोका खूप वाढतो. (पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर वेगळा, तो विषाणूमुळे होतो. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका.) बिघाड आईकडचा असो वा बापाकडचा, प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी, मग मुलगा असो की मुलगी. तो असलेल्या प्रत्येकाला कॅन्सर होतोच असे नाही. आतड्याच्या 100 कॅन्सरपैकी सुमारे 3 या कारणाने होतात.

1895 साली अमेरिकेत शिवणकाम करणाऱ्या एका बाईने वॉर्थिन या डॉक्टरला सांगितले, आमच्या घरात माणसे आतड्याच्या नाहीतर पिशवीच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली. पण डॉक्टरने तिच्या घराण्याची नोंद ठेवली, 1913 साली छापली, आणि त्याच धाग्याने पुढे हा आजार ओळखला गेला. एका कष्टकरी बाईला आपल्या घरची माणसे मोजता येत होती, म्हणून हे घडले.

आपल्याकडे मात्र कुणी याला मागल्या जन्मीचे पाप म्हणते, कुणी मुलीचे लग्न मोडेल म्हणून लपवते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत तपासताना आनुवंशिकतेचे विज्ञानच पुढे ठेवले आहे. मूल घेते ते आई-बापाकडून. यात पाप नाही, कुणाचा दोषही नाही. लपवलेला आजार मात्र त्याच मुलीच्या जिवावर उठू शकतो.

म्हणून वहीचे एक पान काढा. आजी-आजोबा, आत्या, मामा, मावशी, सासरी गेलेल्या लेकी : कुणाला कोणता कॅन्सर, कितव्या वर्षी. एकाच रक्ताचे तिघे, लागोपाठच्या दोन पिढ्या, त्यातला एक तरी पन्नाशीच्या आतला, असे जुळले तर ते पान डॉक्टरांना दाखवा. तिघे भरले नाहीत, पण एखादे माणूस तरुणपणीच आतड्याच्या कॅन्सरने गेले, तरी दाखवा. कॅन्सरआधी आतड्यात बहुधा कोंब येतात. दुर्बिणीच्या तपासणीत ते दिसतात आणि तिथेच काढता येतात. लिंच असलेल्यांना ही तपासणी विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी सांगतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयाकडे आनुवंशिक कॅन्सरचा सल्ला आणि जनुकतपासणी होते.

पण सगळा भार घरावरच का? आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरते. त्यात रक्तदाब, साखर आणि हृदयविकार घरात कुणाला आहे का, हे विचारले जाते. कॅन्सर कुणाला होता, हे विचारत नाहीत. सरकारी तपासणी मोहीमही तोंड, स्तन आणि गर्भपिशवीचे तोंड एवढ्यावरच थांबते. आमची मागणी साधी आहे. त्या फॉर्मात एक ओळ वाढवा, आणि ज्या घरात उत्तर 'हो' येईल, त्या घराची दुर्बिणीची आणि जनुकाची तपासणी जिल्ह्यातच फुकट करा.

ती ओळ छापून येईपर्यंत वही आपलीच. येत्या पौर्णिमेला विहारात येताना ती बरोबर आणा. म्हाताऱ्या माणसांजवळ बसा आणि विचारा. आत्याचे नाव विसरू नका. जयभीम.