वजनकाटा आणि इमान

मागच्या बकरी ईदच्या आधी मी उभ्या वजनावर एक बोकड घेतला. संध्याकाळी बाजारात तो ४२ किलो भरला. गल्लीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावरही तेवढाच. सकाळी त्याच काट्यावर ४० किलो! धाकटा भाऊ म्हणाला, "भाईजान, त्या शेतकऱ्यानं तुम्हाला फसवलं." मलाही क्षणभर तसंच वाटलं.

पण फसवणूक झालीच नव्हती. रवंथ करणाऱ्या जनावराच्या वजनात १० ते २० टक्के वाटा पोटातल्या चाऱ्या-पाण्याचा असू शकतो. एक लिटर पाणी प्यायलं की वजन एक किलोनं वाढतं. रात्रभर शेण-लेंडी, मूत्र आणि श्वासावाटे ते उतरतं. म्हणून चरणारं जनावर पहाटे हलकं आणि संध्याकाळी जड भरतं. पोटातली ही घट खाल्ल्या-प्यायल्यावर भरून निघते. लांबच्या प्रवासात मात्र अंगातलं पाणीही आटतं, आणि ते भरून यायला दिवस लागतात.

अमेरिकेत कुरणावरच्या गुरांचा सौदा करताना ही घट लपवत नाहीत. वजनातून किती टक्के कापायचे, हे आधीच ठरवतात. साधारण ३ ते ४ टक्के. आपल्याकडे हे बोललंच जात नाही, म्हणून लबाडीला जागा मिळते. कुणी विकणारा मीठ चारून जनावराला पाणी पाजतो. कुणी व्यापारी ते उपाशी-तहानलेलं ठेवून मगच काट्यावर चढवतो. पैसा कुणाचाही बुडो, हाल मुक्या जिवाचे होतात.

कुराणातली 'अल-मुतफ्फिफीन' ही सूरह मापात खोट करणाऱ्यांना इशारा देऊनच सुरू होते. हा इशारा आपण नेहमी दुकानदाराला ऐकवतो. पण घेताना पुरेपूर आणि देताना कमी, ही खोड गिऱ्हाइकालाही असू शकते.

मित्रांनो, यंदा जनावर घ्याल तेव्हा शक्यतो सकाळी, चारा घालण्याआधी वजन करा. संध्याकाळी केलंत, तर किती घट धरायची ते दोघांनी आधी बोलून ठरवा. पाणी मात्र कोणत्याही कारणानं तोडू नका. कुर्बानीचा हिशेब गळ्यावर सुरी ठेवताना सुरू होत नाही, तो काट्यापासूनच सुरू होतो.

त्या शेतकऱ्यावर मी घेतलेला संशय, हीसुद्धा मापातली खोटच होती. ती माझी होती.