वाटी कुणाची?

‘प्रतीक’ हा शब्द निघाला की आपल्या वाचनमंडळांतील चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. कबुतर म्हणजे पवित्र आत्मा, नांगर म्हणजे आशा! असा कोश उघडला की कादंबरी समजली, अशी आपली समजूत. अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’विषयी मात्र हा कोशही उघडण्याची तसदी कुणी घेत नाही. ‘घोडदौड, तलवारबाजी उत्तम, पण पात्रांची मने कुठे आहेत?’ असा शेरा मी अनेकदा ऐकला आहे. तो मला साफ अमान्य आहे.

१९५९ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९६१ साली राज्य पुरस्कार मिळवलेल्या या कादंबरीत एक वाटी आहे. जोगणीची वाटी. ती ज्या गावी, तिथे जत्रा. वाटेगावची जत्रेची हौस पुरवण्यासाठी रानोजी मांग शिगावात शिरून ती घेऊन येतो आणि त्यापायी त्याचे मस्तक जाते. सोनाराच्या तराजूत घातली तर तिचे मोल ते किती? परंतु रानोजीच्या मनात काय होते, हे सांगायला अण्णाभाऊंना दहा पाने स्वगत लिहावे लागत नाही. ज्या गावाने त्याला वेशीबाहेर ठेवले, त्याच गावाचा मान आणण्यासाठी तो जिवावर उदार होतो. मानाची ही भूक तो बोलून दाखवील तरी कशी? तो वाटी उचलतो.

पुढे गावाला जत्रा मिळते आणि राधाच्या वाट्याला वैधव्य येते. वस्तू एकच, गावाच्या दृष्टीने ती वैभव, शिगावच्या खोताच्या दृष्टीने अपमान, आणि मांगवाड्यातल्या त्या घरात घरधन्याच्या मस्तकाची किंमत. बापाविना वाढलेला फकिरा पुढे तिच्यासाठी उभा राहतो, तेव्हा तो नेमके काय राखत असतो? जोगणी की बाप? चालून आलेल्या खोताचा तो हात तोडतो, जीव घेत नाही. सूड आणि संयम यांची ही मोजदाद ज्याला दिसत नाही, त्याने ‘मने कुठे आहेत’ हा प्रश्न लेखकाला विचारू नये.

खरे तर आपल्याला हे अधिक चटकन उमगायला हवे. आपल्याही घरी आजीची झिजलेली जपमाळ असते; वाटणीच्या वेळी तिच्यावरून भावंडे का भांडतात, हे कुठल्या कोशात सापडणार?

वाटेगावाहून मुंबईला आलेले साठे कुटुंब प्रथम आपल्या या भायखळ्यातच, चांदबीबी चाळीत राहिले. ग्लोरिया चर्चचा सण आपण थाटाने करतो, मिरवणुकीत मूर्ती कुणाच्या खांद्यावर यावी यावरून रुसवेफुगवेही होतात. पण त्या चाळीतल्या मुलाने पुढे लिहिलेली ही कादंबरी आपल्या किती घरांत आहे? आमच्या मंडळाच्या कपाटात ती मला मिळाली नाही. खांडेकर होते, फडके होते. मी माझी प्रत तिथे ठेवून आलो आहे.