वाचण्याची परवानगी आहे, मग वाचा तर खरे!

आमच्या पालघर-बोईसर भागात आता प्रत्येक वस्तीत दोन-चार मुले-मुली तरी संगणक शिकलेली आढळतात. आईवडील कौतुकाने सांगतात आणि ते कौतुक रास्तच आहे. परंतु संगणक शिकला म्हणजे नेमके काय शिकला, असे विचारले तर उत्तर टायपिंग, पत्रव्यवहार आणि तक्ते यांच्यापलीकडे फारसे जात नाही. यंत्राने आपली माहिती कोठे आणि कशी ठेवली आहे, हे स्वतः वाचून पाहण्याची सवय कोणी लावीत नाही. म्हणून या आठवड्यात आम्ही हा विषय घेतला आहे.

लिनक्स ही संगणक चालविणारी प्रणाली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली जगासमोर ठेवली. आज बँका, कारखाने आणि सरकारी कार्यालये यांची किती तरी मोठी यंत्रे तिच्यावर चालतात. या प्रणालीत साठवणीची बरीचशी व्यवस्था साध्या मजकुराच्या फाईलींत वाचता येते. त्यातली मुख्य फाईल एफएसटॅब. तिच्यात डिस्कच्या प्रत्येक जोडायच्या भागाला एक ओळ, आणि ओळीत सहा रकाने : कोणता भाग, कोठे जोडायची, कोणत्या प्रकारची, कोणत्या अटींवर, आणि शेवटी प्रत काढणे व तपासणी यांचे दोन आकडे. ज्याने खतावणी पाहिली आहे, त्याला यात अवघड काही नाही.

ही फाईल वाचण्याचे साधन तर त्याहून सोपे आहे. काळ्या पडद्यावर सी, ए, टी ही तीन अक्षरे टाइप करायची, पुढे फाईलचे नाव द्यायचे, की मजकूर समोर येतो. ही कॅट आज्ञा युनिक्स या जुन्या प्रणालीतून आली. ज्या १९६९ साली आमच्या तारापूरच्या अणुवीज केंद्रातून वीज मिळू लागली, त्याच साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचे काम सुरू केले होते. फाइंडमाउंट नावाची दुसरी आज्ञा कोणती डिस्क कोठे जोडलेली आहे हे नीट मांडून दाखवते. तिला व्हेरिफाय ही जोड दिली, तर एफएसटॅबमधील चुकाही ती दाखवते, मात्र फाईलला हात लावीत नाही.

याचा आपल्या संसाराशी काय संबंध, असे भगिनी विचारतील. संबंध आहे. बोईसरच्या एका छोट्या पतसंस्थेत अनेक बचत गटांचे पैसे असतात. तेथील संगणकात दोन डिस्क होत्या. एकीवर लिहिलेले तेच दुसरीवर आपोआप लिहिले जाई, म्हणजे एक बिघडली तरी हिशेब शाबूत. यंत्र देणाऱ्याने तसे सांगितले आणि संचालकांनी मान डोलावली. पुढे औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करणाऱ्या आमच्या वस्तीतील एका तरुणाने सहज म्हणून एमडीस्टॅट ही फाईल कॅटने उघडली. दोन्ही डिस्क चालू असतील तर तिच्यात यू हे इंग्रजी अक्षर दोनदा दिसते. तेथे यू एकच होता आणि दुसऱ्याच्या जागी नुसती रेघ! एक डिस्क केव्हाच बंद पडली होती. काम सुरळीत चालले होते, म्हणून कोणाला पत्ता नव्हता. उरलेली डिस्क गेली असती, तर कोणत्या बाईचे किती रुपये हे सांगायला कागदी पासबुकांखेरीज काही उरले नसते. डिस्क वेळेवर बदलली गेली.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आमच्या भाषेत सांगायचे तर वहीतील शिल्लक आणि पेटीतील रोकड रोज ताडून पाहावी लागते. व्यवस्थेत काय असावे हे एक फाईल सांगते, प्रत्यक्षात काय आहे हे दुसरी सांगते. दोन्ही ताडून पाहणारा माणूस मात्र हवा.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. एफएसटॅबवर बहुधा सहा, चार, चार अशी परवानगी असते. चार म्हणजे वाचणे, दोन म्हणजे लिहिणे. मालकाला दोन्ही, बाकी सर्वांना वाचण्याची मुभा. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याने या चारच्या आकड्याकडे जरा थांबून पाहावे. मात्र परवानगी असणे आणि ती वापरणे यांत अंतर असते. रावबहादूर बोले यांच्या १९२३ सालच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदोपत्री खुले झाले होते. तरी चवदार तळ्याचे पाणी आपल्या ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब स्वतः पुढे झाले तेव्हा. त्या संग्रामाशी संगणकाची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. पण कागदावरचा हक्क वापरल्यावाचून आपला होत नाही, ही शिकवण लहान गोष्टींनाही लागू आहे.

दोन सूचना द्याव्याशा वाटतात. पहिली, वाचा, पण जाणकाराशिवाय बदलू नका. एफएसटॅबमधील एका चुकीच्या ओळीने यंत्र सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. दुसरी, दोन डिस्कवर एकच मजकूर असणे म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. चुकून पुसलेली नोंद दोन्हीकडून पुसली जाते. म्हणून तिसरी प्रत वेगळ्या जागी हवीच.

पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे छोटे पाठ मराठीतही आहेत आणि ते मोफत आहेत. रविवारी वंदनेनंतर विहारात तासभर एक जुना संगणक मांडा. मुलांबरोबर मुलींना आणि बचत गटाच्या हिशेबनीस भगिनींनाही बसवा. धम्माचे एक लक्षण एहिपस्सिको, या आणि स्वतः पाहा, असे सांगितले आहे. आपल्या संस्थेचे संचालक पुढच्या सभेत 'सर्व ठीक आहे' असे म्हणतील, तेव्हा ते कोणी वाचून पाहिले, एवढे अवश्य विचारा.

जयभीम!