गॅलरीत बसायला जागा ठेवा

घरात कोंडून पडणे म्हणजे काय, ते २०२० साली आपण सर्वांनीच अनुभवले. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाली, २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर. ज्यांचे अर्धे आयुष्य या अंतरात दांडीला लटकून गेले, ती माणसे एका खोलीत आणि किचनमध्ये बसून राहिली. अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी १५ जूनला गाडी सुरू झाली. महिलांना ऑक्टोबरात मुभा मिळाली आणि सर्वांना १ फेब्रुवारी २०२१ रोजी, तीही ठरावीक वेळेतच. त्या वर्षी १४ एप्रिलची जयंतीसुद्धा आपण घरातच साजरी केली.

त्या दिवसांत उल्हासनगरच्या कॅम्पात, अंबरनाथला, बदलापूरला अनेक घरांनी गॅलरीतले भंगार प्रथमच बाहेर काढले. नर्सऱ्या बंद होत्या. मग डब्यातली मेथी, धणे, सुकी मिरची हेच बियाणे झाले. तेलाचे डबे, फुटक्या बादल्या यांच्या कुंड्या झाल्या. संध्याकाळी चहाचा कप घेऊन माणसे तिथे टेकू लागली. पुढे गाडी सुरू झाली, कामावर जाणारे गेले आणि कुंड्या वाळल्या. बंद पडलेला कूलर पुन्हा गॅलरीत आला.

आम्हाला यातच एक गोष्ट सांगावीशी वाटते. लॉकडाऊन उठला, पण घरात अडकलेली माणसे संपली नाहीत. गुडघ्यांनी जिना उतरू न शकणारी आजी, अर्धांगवायूने एक हात गेलेले निवृत्त कामगार वडील, बाळंतीण मुलगी, क्षयाच्या औषधांवर असलेला भाऊ. चौथ्या मजल्यावर लिफ्ट नाही. या माणसांचा लॉकडाऊन वर्षानुवर्षे चालूच आहे. त्यांच्यासाठी घरातली उघड्यावरची जागा एकच, ती म्हणजे गॅलरी.

म्हणून पहिला नियम असा, की आधी स्टूल, मग कुंडी. तीन फूट रुंद गॅलरीत पाठ टेकता येईल असे बसायचे ठिकाण प्रथम ठरवावे. उरलेल्या जागेत झाडे लावावीत. ज्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी कुंड्या जुन्या बाकावर किंवा टेबलावर, बसल्या जागी हात पोहोचेल अशा ठेवाव्यात. आणि पाणी घालण्याचे काम त्यांच्याकडेच द्यावे. कुणीतरी आपल्या हाताची वाट पाहते आहे, एवढी जाणीव पडून असलेल्या माणसाला सकाळी उठवून बसवते.

दुसरी गोष्ट वजनाची. ती आपल्या भागात तरी विसरून चालणार नाही. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसे दगावली. ओल्या मातीचे वजन लिटरमागे सुमारे दीड किलो भरते. पंधरा किलोचा तेलाचा डबा मातीने भरला, की तो पंचवीस किलोच्या आसपास जातो. असे दहा डबे म्हणजे चार मोठी माणसे रात्रंदिवस गॅलरीत उभी केल्यासारखे आहे. तेव्हा मोजक्या, लहान कुंड्या घ्याव्यात. त्यांत निम्मा कोकोपीट किंवा सुका पाचोळा घालावा. वजन बाहेरच्या कठड्याकडे न ठेवता घराच्या भिंतीकडे ठेवावे. कठड्यावर कुंडी मुळीच ठेवू नये, खालून मुले जातात. गॅलरीच्या छताचे प्लास्टर पडत असेल, गंजलेल्या सळ्या दिसत असतील, तर तिथे कुंड्याही नकोत आणि बसणेही नको. आधी सोसायटीकडे लेखी अर्ज देऊन इमारतीची तपासणी मागावी. तोवर खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर दोन झाडे पुरेत.

आता ऊन. पूर्वेची गॅलरी सर्वांत चांगली, सकाळचे कोवळे ऊन मिळते. पश्चिमेला दुपारनंतर भट्टी पेटते. बदलापूरचा उन्हाळ्याचा पारा हल्ली चाळीसच्या पुढे जातो, म्हणून तिथे जुन्या सुती साडीचा आडपडदा बांधावा. सावली झाडालाही होते, बसणाऱ्यालाही. उत्तरेला ऊन कमी, तिथे अळू, पुदिना, मनीप्लांट तग धरतात. ऊन चांगले असेल तर मिरची, मोगरा, सदाफुली, गवती चहा लावावा. पानांचा ओवा आणि कोरफड फांदी-पिल्लावर येतात, शेजाऱ्याकडून मागून आणावे. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फोडी कराव्यात, मग पेरावे. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. मेथी महिन्याभरात भाजीला येते. आजारी माणसाच्या हाती लवकर काही यावे, म्हणून सुरुवात मेथीनेच करावी.

खत विकत आणण्याची गरज नाही. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा करून थोड्या जागेत, घरच्या काडीकचऱ्यातून सुपीक माती कशी तयार होते, हे महाराष्ट्रातल्या सामान्य माणसांना शिकवले. आपणही जुन्या बादलीला तळाशी व बाजूंना भोके पाडून भाजीची साले आणि सुका पाचोळा थरावर थर टाकावा. शिजलेले अन्न टाकू नये, उंदीर येतात. अधूनमधून ढवळले, की दोन-तीन महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत तयार होते. ज्याची छाती नाजूक आहे त्याने ते स्वतः कालवू नये, दुसऱ्याने नाकाला रुमाल बांधून कालवावे.

पाण्याची आपल्याकडे ओढ असतेच. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडांना चालते, साबणाचे नको. खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी गळून भांडणे होतात, म्हणून कुंडीखाली ताटली ठेवावी. ही ताटली आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावी. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो.

खर्चाचे म्हणाल, तर आम्ही कारकुनी सवयीने वही ठेवली होती. दोन डबे, बादली आणि बियाणे घरचे, कोकोपीटची वीट व मोगऱ्याचे रोप विकतचे. सारे मिळून तीनशे रुपयांच्या आत बसले.

येत्या रविवारी घरातल्या सर्वांनी मिळून एक तास गॅलरीतले सामान उपसावे. काय ठेवायचे, काय भंगारात द्यायचे, ते तुम्ही ठरवा. स्टूल कुठे ठेवायचे, ते मात्र त्यावर जे बसणार आहेत त्यांनाच विचारा.