फुंकर कोणाची?



अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात मी एक यंत्र पाहिलं. चालकाच्या श्वासात दारू आढळली की गाडी सुरूच होत नाही. आपल्या कायद्याची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. मुलांचं कौतुक वाटलं, तरी मी विचारलं, "त्यानं बायकोला फुंकायला लावलं तर?" मुलं गप्प झाली.

प्यालेल्या नवऱ्याला 'नाही' म्हणण्याची किंमत वस्तीतल्या बायका मला सांगत असतात. अमेरिकेत अशा यंत्रांना अनेक ठिकाणी कॅमेरा जोडतात, वाटेतही पुन्हा फुंकायला लावतात. मुलांनो, तेवढी भर घालाच. रस्त्यावरचे जीव वाचवताना पहारा घरातल्या बाईच्या गळ्यात नको.

आणि गाडी अडली, तरी घरात उठणारा हात अडवायचं काम उरतंच. ते आपलं, सगळ्यांचं.